गंधाची साक्ष

मासळी पारखून घेण्याची आपल्याकडील रीत फार जुनी आहे. प्रथम माशाचा डोळा पाहावयाचा. मग कल्ला उघडून त्याचा रंग पाहावयाचा. बोटानें अंग दाबून पाहावयाचें. आणि एवढ्यानेंहि खात्री पटली नाहीं तर मासा नाकाशीं न्यावयाचा. नाकानें नकार दिला कीं भाव करण्याचें कारणच उरत नाहीं. घरोघरच्या स्वयंपाकघरांत नाक हेंच शेवटचें न्यायासन होय, आणि त्याच्या निकालावर अपील नाहीं.

गेल्या चाळीसएक वर्षांत या न्यायासनावर हक्क सांगणारें एक यंत्र निघालें आहे. त्यास इलेक्ट्रॉनिक नाक म्हणतात. मांसावर किंवा मासळीवर जंतूंची वाढ कितपत झाली आहे हें तें वासावरून सांगूं शकेल, अशी त्याच्या पुरस्कर्त्यांची आशा आहे. हें यंत्र किती बिनचूक आहे, एवढाच प्रश्न असता तर तो रसायनशास्त्रज्ञांवर सोंपवून आम्ही स्वस्थ बसलों असतों. परंतु त्याच्या मुळाशीं दुसरा आणि फार जुना प्रश्न आहे. वास नेमकी कशाची साक्ष देतो? अन्न बिघडल्याची, कीं अन्न घातक झाल्याची? या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि त्या एकच मानल्यामुळें माणसें प्राणांस मुकलीं आहेत. या प्रश्नाचा इतिहास येथें थोडक्यांत मांडण्याचा आमचा विचार आहे.

त्याचा आरंभ आम्ही मुर्धा या गांवापासून करतों, कारण नासणारें अन्न आणि तें टिकविण्याचीं साधनें हीं दोन्ही तेथें शेजारींशेजारीं नांदत आलीं आहेत. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस, उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा लागतें. त्याच्यापुढें राई, मोर्वा, आणि रस्त्याच्या शेवटीं समुद्रकांठचें उत्तन. हीं सारीं गांवें आतां मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतात. खाडीच्या बाजूस आगरी लोकांनीं बांध घालून तयार केलेलीं मिठागरें, तर समुद्राच्या बाजूस कोळ्यांच्या होड्या आणि मासळी वाळविण्याच्या जागा, असा हा मुलूख आहे. मीठ आणि ऊन या दोन वस्तूंवर मासळीचें सारें आयुष्य पूर्वीं अवलंबून असे, आणि या दोहोंची येथें कमतरता नव्हती.

दोहोंचें कार्य मुळांत एकच आहे. जंतूंस वाढण्यास पाणी लागतें. ऊन तें उडवून लावतें, आणि मीठ तें असें बांधून ठेवतें कीं जंतूंच्या उपयोगीं पडूं नये. बोंबिलाच्या शंभर भागांत पंच्याऐंशीहून अधिक भाग पाणीच असतें. म्हणून तो पकडल्याबरोबर बिघडूं लागतो. उत्तन-गोराईकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या मांडवावर टांगतात आणि समुद्रावरच्या कोरड्या वाऱ्यांत वाळवितात. नवख्या माणसास तेथून जातांना नाक धरावेंसें वाटतें. परंतु त्याच वासांतून कोळीण पुष्कळ कांहीं वाचते. नीट वाळलेल्या बोंबिलाचा वास निराळा, आणि अवेळीं पाऊस लागून आंतून नासलेल्या बोंबिलाचा निराळा. मुशीच्या मांसांत मूळचाच युरिया असतो व त्याचा अमोनिया होतो; म्हणून फारशी शिळी न झालेली मुशीहि नाकास झोंबते. तोच वास पापलेटास येऊं लागला तर तें फेंकून द्यावें. सारांश, वास उग्र आहे कीं सौम्य एवढ्यावरून कांहींच ठरत नाहीं. कोणत्या माशाचा, कोणत्या ऋतूंत आणि किती वेळानें, हें ठाऊक असलेल्या नाकासच तो वास समजतो. जिला आपण निसर्गदत्त देणगी समजतों ती पारख वास्तविक शिक्षणानें आलेली असते. यंत्राचा विचार करतांना ही गोष्ट पुन्हां उपयोगीं पडेल.

मासळी नासण्याचें कारण नेहमीं निसर्गांतच असतें असें नाहीं. तें कधीं कधीं सरकारी कायद्यांतहि सांपडतें. मिठावरील कर हें त्याचें ठळक उदाहरण होय. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञानें हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील सागरी मासेमारीसंबंधीं १८७३ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत या कराचा मासळीच्या धंद्यावर होणारा परिणाम त्यानें दाखवून दिला. मीठ महाग झाल्यामुळें गरीब कोळी खारी माती वापरीत किंवा अपुरें मीठ लावीत, आणि अर्धवट खारविलेली मासळी बाजारांत जाई. पुढें सरकारनें मासळी खारविण्याचीं खास आवारें काढून तेथें करमुक्त मीठ देण्याची सोय केली. परंतु मिठावरील कर मात्र १९४७ सालापर्यंत टिकला. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाकडे आपण राजकीय दृष्टीनें पाहतों, आणि तें योग्यच आहे. पण ज्या किनाऱ्यावर मीठ डोळ्यांदेखत पिकत होतें, तेथेंहि कराचा बोजा मिठाच्या किंमतींत मिळत होता, आणि अपुऱ्या मिठाचें मोल शेवटीं मासळी खाणाऱ्याच्या पोटास द्यावें लागत होतें, ही या इतिहासाची दुसरी बाजू आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. घाण वास आणि घातकपणा यांतील भेद आपल्या पूर्वजांस अगदींच अज्ञात होता असें म्हणतां येत नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें रुद्रपट्टण शामशास्त्री यांस मिळाली आणि १९०९ सालीं त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथांत कत्तलखान्यावरील अधिकाऱ्यासाठीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेथें दुर्गंधी सुटलेलें मांस विकण्यास मनाई आहे आणि आपोआप मेलेल्या जनावराचें मांस विकण्यासहि मनाई आहे. मात्र या दोन बाबी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. चरकसंहितेंतहि आपोआप मेलेल्या, अति कृश झालेल्या किंवा विषानें मारलेल्या प्राण्याचें मांस टाकून द्यावें असें सांगितलें आहे. जंतु ही वस्तु या ग्रंथकारांस ठाऊक नव्हती, हें उघड आहे. त्यांच्या तोंडीं आधुनिक शास्त्र घालण्याची हौस आम्हांस नाहीं. पण वासाखेरीज आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे, हें त्यांनीं अनुभवानें ओळखलें होतें. तो प्रश्न म्हणजे, हें जनावर कसें मेलें?

लहान गांवांत या प्रश्नाचें उत्तर मिळणें कठीण नसे. शहरें वाढलीं तेव्हां तें मिळेनासें झालें. १८६४ सालीं वसईची खाडी ओलांडून रेल्वे मुंबईपर्यंत आली. १८६५ सालीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झालेल्या आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दींत शहराचे बाजार नव्यानें बांधले गेले, आणि १८६९ सालीं त्यांच्या नांवाची मंडई उभी राहिली. कत्तलखाना भर वस्तींतून हलवून वांद्र्यास नेला गेला. शहराच्या स्वच्छतेच्या दृष्टीनें या सुधारणा इष्टच होत्या. परंतु त्यामुळें खाणारा आणि प्राणी यांच्यांतील अंतर वाढलें. जनावर आजारी होतें कीं काय, मासा केव्हां पकडला, वाटेंत तो किती वेळ उन्हांत राहिला, यांपैकीं कांहींच ग्राहकास ठाऊक नसे. राहिलें तें फक्त नाक. आणि जें काम एकट्या नाकाचें कधींच नव्हतें, तें सारें त्याच्यावर येऊन पडलें.

त्या काळच्या शास्त्रानेंहि नाकाचीच बाजू घेतली. इटालियन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्सेस्को सेल्मी यानें १८७० नंतरच्या दशकांत कुजणाऱ्या प्रेतांत उत्पन्न होणाऱ्या कांहीं द्रव्यांस टोमेन हें नांव दिलें. त्यावरून, कुजलेल्या अन्नांत हीं विषें होतात व तींच माणसास मारतात, अशी समजूत रूढ झाली. ही उपपत्ति मनास लगेच पटणारी होती: घाण येते तेथें विष, घाण येत नाहीं तेथें विष नाहीं. डॉक्टरांच्या तोंडीं हा टोमेनचा शब्द विसाव्या शतकांतहि बराच काळ टिकून होता. पण त्याच्या पायाला एकोणिसाव्या शतकांतच सुरुंग लागला होता.

१८८८ सालीं जर्मनींतील फ्रांकेनहाउझेन या गांवीं एका आजारी गाईचें मांस खाऊन कित्येक माणसें आजारी पडलीं आणि एक तरुण दगावला. त्यानें तें मांस कच्चेंच खाल्लें होतें. ऑगुस्ट गर्टनर यानें त्या मांसांत व त्या मृताच्या शरीरांत एकच जंतु शोधून काढला. आज साल्मोनेला या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कुळांतील तो एक आहे. पुढें अशा अनेक प्रसंगांचा तपास झाला तेव्हां दिसून आलें कीं, ज्या मांसानें माणसें आजारी पडलीं तें दिसण्यांत, चवींत व वासांत पुष्कळदां अगदीं निर्दोष होतें. यानंतर १८९५ सालीं बेल्जियममधील एलझेल या खेड्यांत एका अंत्यविधीस आलेल्या वाजंत्र्यांनीं मिठाच्या पाण्यांत मुरविलेलें डुकराचें मांस खाल्लें आणि त्यांतील तिघे मरण पावले. एमिल व्हान एर्मेंगेम यानें त्या मांसांतून बॉट्युलिझम या रोगाचा जंतु वेगळा करून १८९७ सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. अपुरें मीठ म्हणजे संरक्षणाचा निव्वळ आभास, हा धडा या प्रकरणानें युरोपास शिकविला. फ्रान्सिस डे यानें आपल्या किनाऱ्यावर पाहिलेली गोष्ट याहून फारशी वेगळी नव्हती.

या शोधांचें तात्पर्य असें. मांसावरील जंतूंचे, आपल्या दृष्टीनें, दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग कुजविणाऱ्यांचा. स्यूडोमोनस नांवाचे व त्यासारखे जंतु थंडींतहि वाढतात, मांसांतील घटक फोडतात आणि अमोनिया, गंधकाचीं संयुगें, आम्लें वगैरे उडून जाणारीं द्रव्यें सोडतात. माशांत ते ट्रायमेथिलअमाइन तयार करतात; शिळ्या मासळीचा जो ओळखीचा वास, तो मुख्यतः याचाच. दुसरा वर्ग रोग आणणाऱ्यांचा. ते थोडे असले तरी पुरे होतात, आणि थोडे असतांना त्यांचा वास येत नाहीं. मांसाच्या एका चौरस सेंटिमीटरवर कुजविणारे जंतु सुमारें एक कोटी झाले म्हणजे दुर्गंध जाणवूं लागतो. साल्मोनेला त्याच्या कितीतरी आधीं घातक ठरूं शकतो. एक चोर भांडीं पाडीत येतो, दुसरा अनवाणी येतो. पहिल्याच्या आवाजानें घर जागें होतें म्हणून दुसरा कधीं येतच नाहीं, असें समजणें धोक्याचें आहे.

बांगडा आणि कुपा या जातींच्या माशांत तर आणखी एक गोम आहे. ते पकडल्यावर तापत राहिले तर त्यांच्या मांसांतील हिस्टिडीनचें जंतु हिस्टामीन करून टाकतात. तें खाल्ल्यानें चेहरा लाल होणें, डोकें दुखणें, अंगावर पित्त उठणें असे प्रकार होतात. हें द्रव्य शिजवूनहि जात नाहीं, आणि तें पुरेसें झालें असतांहि माशास घाण येतेच असें नाहीं.

निसर्ग अशा रीतीनें नाकास फसवितो. माणूसहि त्यांत मागें राहिलेला नाहीं. वास हाच पुरावा ठरला, कीं पुरावा नाहींसा करणारे पुढें येतात. अमेरिकेंत दूध नासल्याचें कळूं नये म्हणून त्यांत फॉर्मल्डिहाइड घालीत. १८९८ सालच्या स्पेनविरुद्धच्या युद्धांत सैनिकांस रसायनें भरलेलें मांस पुरविल्याचा आरोप जनरल नेल्सन माइल्स यांनीं केला. चौकशींत तो सिद्ध झाला नाहीं, पण लोकांत त्यामुळें केवढी खळबळ उडाली! १९०२ पासून हार्वे वायली यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या तरुणांस टाकणखार, फॉर्मल्डिहाइड वगैरे मिसळलेलें अन्न देऊन त्यांचे परिणाम नोंदले, आणि १९०६ सालीं तेथें शुद्ध अन्नाचा कायदा झाला.

आपल्याजवळचें उदाहरण गोव्याचें आहे. जुलै २०१८ मध्यें मडगांवच्या घाऊक बाजारांत परप्रांतांतून आलेल्या मासळीची जागेवर तपासणी झाली आणि तिच्यांत फॉर्मेलिन असल्याचा संशय आला. पाठोपाठ, आढळलेलें प्रमाण मर्यादेंत आहे असा सरकारी खुलासा झाला. लोकांचा त्यावर विश्वास बसला नाहीं, आणि अखेरीस बाहेरून मासळी आणण्यावर सरकारला कांहीं दिवस बंदी घालावी लागली. ज्या समाजाचें रोजचें जेवण मासळीवांचून होत नाहीं, त्यानें मासळीकडे पाठ फिरवावी, ही गोष्ट लहान नव्हे. या वादांत एक शास्त्रीय पेंचहि होता. कांहीं माशांच्या शरीरांत, ते मेल्यावर, फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होतें. आणि आपला बोंबील हा त्यांत अग्रेसर आहे. म्हणजे कोणी कांहीं न मिसळतां बोंबील कसोटींत दोषी ठरेल, आणि औषध मारलेला दुसरा मासा नाकाच्या कसोटींतून सहीसलामत सुटेल. कसोटी कोणतीहि असो, तपासणाऱ्यास मासा ओळखतां आला पाहिजे.

या पार्श्वभूमीवर इलेक्ट्रॉनिक नाकाकडे पाहिलें पाहिजे. त्याचा पूर्वज एका घरगुती गरजेंतून जन्मला. जपानांत स्वयंपाकाचा गॅस गळून स्फोट होत. त्याची आगाऊ सूचना देण्यासाठीं नाओयोशी तागुची यानें कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक बनविला आणि १९६८ च्या सुमारास तो बाजारांत आला. त्याची युक्ति सोपी आहे. हें ऑक्साइड तापविलें असतां हवेंतील प्राणवायु त्याच्या पृष्ठभागास चिकटतो आणि विजेच्या वाहण्यास अडथळा करतो. ज्वलनशील वायु जवळ आला कीं तो या प्राणवायूशीं संयोग पावतो, अडथळा कमी होतो आणि वीज अधिक वाहूं लागते.

अशा एका संवेदकास एक वास दुसऱ्यापासून वेगळा ओळखतां येत नाहीं. १९८२ सालीं इंग्लंडांतील वॉरिक विद्यापीठांत कृष्णा पर्सॉड आणि जॉर्ज डॉड यांनीं तीन निरनिराळे संवेदक एकत्र वापरले. तिघेहि प्रत्येक वासास थोडाफार प्रतिसाद देत, पण निरनिराळ्या प्रमाणांत. त्या प्रमाणांवरून वास ओळखतां येतो, असें त्यांनीं दाखविलें. निसर्गाचीहि रीत हीच आहे, हें पुढें लिंडा बक व रिचर्ड अॅक्सल यांच्या १९९१ सालच्या शोधावरून स्पष्ट झालें. त्यासाठीं त्यांस २००४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. माणसाच्या नाकांत गंध टिपणारे सुमारें चारशें प्रकार आहेत, आणि एकेक वास त्यांतील अनेकांस मिळून जागें करतो. हिंदुस्थानांतहि या विद्येचा उपयोग झाला आहे. चहाची पानें आंबविण्याचें काम नेमकें केव्हां थांबवावें हें ठरविण्यासाठीं कलकत्त्याच्या सी-डॅक या संस्थेनें असें नाक तयार केलें.

मांसावर या यंत्राचा प्रयोग करतांना प्रथम त्यास शिकवावें लागतें. ताजें, एक दिवसाचें, दोन दिवसांचें असे नमुने त्याच्यापुढें ठेवावयाचे, त्याच वेळीं प्रयोगशाळेंत जंतु वाढवून त्यांची गणती करावयाची, आणि दोहोंची सांगड गणितानें घालावयाची. म्हणजे यंत्र जंतु मोजीत नाहीं. जंतूंनीं सोडलेल्या वायूंवरून अंदाज करतें. शीतगृहांत एकाच जातीचें मांस एकाच तापमानास ठेवलेलें असतें. तेथें हा अंदाज चांगला साधतो, आणि माणसाच्या नाकाप्रमाणें तें थकत नाहीं किंवा सर्दीनें बधिर होत नाहीं. मांसांत मुद्दाम साल्मोनेला सोडून तो वासावरून ओळखण्याचे प्रयोगहि अमेरिकेंत झाले आहेत. पण प्रयोगशाळेंतील वाढविलेला जंतु आणि बाजारांतील कोट्यवधि इतर जंतूंत लपलेला मूठभर जंतु, यांत फार अंतर आहे.

आतां हेंच यंत्र उत्तनच्या बंदरावर किंवा मुर्ध्याच्या रस्त्यावरील एखाद्या पाटीजवळ नेलें अशी कल्पना करूं. तेथील हवा दमट, आणि कथिलाच्या ऑक्साइडचे संवेदक दमटपणानें बिचकतात. काळ जातो तसे त्यांचे आंकडेहि हळूहळू सरकतात. शेजारीं बोंबील वाळत आहे, पलीकडे खाडीचा चिखल आहे, पाटींत पापलेट आहे आणि मुशीहि आहे. कोळिणीनें लहानपणापासून जो अभ्यास केला तो सारा यंत्रास जातवार व ऋतुवार करावा लागेल. तो होणार नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो केल्यावांचून यंत्राचा दिवा लाल झाला म्हणून एखाद्या बाईची पाटी ओतून देणें हा अन्याय होईल. आणि दिवा हिरवा राहिला म्हणून ग्राहकानें निश्चिंत होणें, हा त्याहून मोठा धोका होईल.

आमचें मत असें कीं, वासाची साक्ष, मग ती माणसाच्या नाकाची असो वा यंत्राची, फिर्यादीच्या बाजूनें ग्राह्य धरावी, बचावाच्या बाजूनें धरूं नये. मासळी नासली आहे असें जाणत्या नाकानें सांगितलें तर तें मानावें. ती निर्धोक आहे असें सांगण्याचा अधिकार मात्र त्यास नाहीं. आपल्या कायद्याची वाटचालहि याच दिशेनें झाली आहे. १९५४ सालचा कायदा अन्नांतील भेसळीस प्रतिबंध करण्याचा होता. २००६ सालचा कायदा अन्नाच्या सुरक्षिततेचा आहे. नांवांतील हा फरक अर्थपूर्ण आहे. विक्रीच्या क्षणीं दोष हुडकण्यापेक्षां दोष उत्पन्नच होऊं नये अशी व्यवस्था करणें, हा त्यांतील भाव आहे.

ती व्यवस्था कोणत्याहि नाकापेक्षां साधी आहे. उबेंत कित्येक जंतु वीस मिनिटांत दुप्पट होतात; त्या हिशेबानें एका जंतूचे सात तासांच्या आंत दहा लाख होतात. म्हणून होडींतच पुरेसा बर्फ, बंदरावर स्वच्छ पाणी, बाजारांत सावली व धुतां येणारे ओटे, कत्तलीपूर्वीं जनावराची तपासणी, आणि घरीं नीट शिजविणें, एवढ्या गोष्टींनीं जें साधतें तें मागाहून वास घेऊन साधणार नाहीं. एकोणिसाव्या शतकांत सरकारनें मिठाकडे केवळ उत्पन्नाच्या दृष्टीनें पाहिलें आणि किनाऱ्यावरची मासळी नासली. आज जर आपण मासेवालीस बर्फ आणि पाणी न देतां केवळ परीक्षा घेणारें यंत्र दिलें, तर तीच चूक नव्या रूपानें होईल. यंत्र यावें, परंतु तें बर्फाच्या आणि पाण्याच्या मागून यावें.